कोरिया बुद्रुकचा हिरो

प्रिय महामाया,

मंगळवारी दुपारी सव्वाचारला माझं डोकं फिरलं. नांदेडच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलला नवा स्पीकर बसवला होता. स्पीकर बसवला की आवाज तपासायला मी आपलंच 'कोरिया बुद्रुक' चॅनल लावतो. तुला सोडून आलो तरी ही सवय सुटली न्हाई. मी गेल्यापासून आठ महिने 'कोरिया बुद्रुक' गप्प होतं. मला वाटायचं, माझी वाट बघून राहिलीस. आणि मंगळवारी नवी क्लिप. गल्लीत सहा जणांना लोळवून आपला हिरो धापा टाकत उभा राहिला, तोंड उघडलं, तर आवाज दुसऱ्याचा. जाड, खर्जातला. दोन वर्षं ज्याच्या तोंडून मी बोललो, त्याच्या तोंडात तू दुसरा माणूस घातलास.

हे पत्र मी तुझ्याच खुर्चीत बसून लिहितोय. लातूरला, सरदारचाचांच्या गाद्यांच्या गोदामात, आपल्या रेकॉर्डिंगच्या कोपऱ्यात. चाचांनी काही विचारलं न्हाई. बऱ्याच दिवसांनी आलास बेटा, एवढं म्हणाले, चहा पाजला आणि जुम्म्याच्या नमाजला गेले. अक्षर वाकडं येतंय, कारण उजव्या हाताला रुमाल बांधलाय. त्याचं पुढं सांगतो. सगळं पुसून टाकायला आलोय मी. एकशे बारा क्लिपा, तुझे आवाज, माझे आवाज, सगळं. संध्याकाळी तू क्लासवरून येशील तेव्हा संगणक रिकामा असेल आणि वर हे पत्र असेल. कुणी केलं ते तुला कळलंच पाहिजे.

आठवतं का, पहिला पिक्चर बघितला तेव्हा आपण दोघं गाद्यांच्या ढिगावर बसलो होतो? दोन हजार दोन-तीन सालच्या त्या कोरियन मारामाऱ्या, आपण जन्मलो तेव्हाच्या. तू म्हणालीस, ह्यांचा हिरो हवेत उडत न्हाई, मार बसला की त्याला दम लागतो. सूड घेऊन झाला की नाचगाणं न्हाई, एकटा बसून वाफाळत्या शेवया खातो. तिथनंच आपलं डबिंग सुरू झालं. पडद्यावरच्या इंग्रजी ओळी वाचून तू मराठी करायचीस, पण मराठी मुखेडची. बाया, लेकरं, म्हाताऱ्या तुझ्या आवाजात. बापे सगळे माझ्या. चारी बाजूंनी कापूस, त्यामुळं आवाज कसा स्वच्छ यायचा. एका क्लिपखाली कुणीतरी लिहिलं होतं, कोरियाचा फौजदार आमच्या अहमदपूरचा निघाला. त्या दिवशी तू इतकी हसलीस की शेवटी उचकी लागली.

एकदा मी एका पिक्चरवर वैतागलो होतो. शेवटी कळतं की हिरोनं भलत्याच माणसाला मारलं. मी म्हणालो, आधी विचारायला काय झालं होतं ह्याला? तू म्हणालीस, विचारलं असतं तर पिक्चर वीस मिनिटांत संपला असता.

मंगळवारच्या क्लिपमधला आवाज ओळखायला मला वेळ लागला न्हाई. राजशेखर. तुझ्या क्लासचा, उदगीरचा, प्रत्येक गॅदरिंगला माइक धरून उभा राहणारा. मी ती क्लिप दुकानात शंभरदा ऐकली. 'न्हाई' म्हणायच्या आधी तू नाकानं बारीक श्वास घेतेस ना, तसाच तो घेत होता. तिथं माझ्या अंगाची लाहीलाही झाली. माणसाचा श्वास दुसऱ्याला लागायला किती जवळ बसावं लागतं? कॉलेजात मी सरांची कॉलर धरली तेव्हा तू म्हणालीस, माफी माग, वर्ष वाया घालवू नको. मी म्हणालो, तुझा हिरो दुसरा शोध, आणि नांदेडला निघून गेलो. रागात म्हणालो होतो, महामाया. तू खरंच शोधलास.

आज सकाळच्या पहिल्या एसटीनं लातूरला उतरलो ते सरळ त्याच्या मेसवर गेलो. तो पोहे खात होता. मी विचारलं न्हाई, सांगितलं, की माझ्या हिरोच्या तोंडून तू बोललास, बाहेर ये. तो एवढंच म्हणाला, "मी न्हाई, भाऊ. तिला फोन करून विचार." मी म्हणालो, "लई बोललास. आता बस." ओळ तूच लिहिलेली आहे, हिरोसाठी. आणि तोंडावर मारलं, ठरवून तोंडावरच, कारण मला त्याचा आवाज बंद करायचा होता. चार वेळा. पोरांनी रिक्षात घातलं तेव्हा तो काही बोलायला बघत होता आणि जबडा हलत नव्हता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, इथं बसूनही बरं वाटतंय.

इथवर लिहिलं आणि पुसायच्या आधी ती क्लिप उघडली. प्रत्येक माणसाच्या आवाजाची वेगळी पट्टी असते, हिरोच्या पट्टीला अजून माझंच नाव, 'विनोद'. त्यावर आवाज जाड करायची ती सोय लावलेली दिसली, मीच तुला शिकवलेली. म्हटलं, बघा, सूत्रसंचालकाचा आवाज मुळात चिरका आहे. हसावं म्हणून जाडपणा काढला आणि ऐकलं.

तू होतीस.

सदतीस वेळा म्हणून बघितलंस हिरोचं ते एक वाक्य. मधल्या मधल्या तुकड्यांत खोकतेस, पाणी पितेस. एकविसाव्या वेळी स्वतःशीच म्हणतेस, "विन्या असता तर एका दमात म्हणला असता." तो श्वास कुणाला लागला नव्हता. तुझाच होता. दोन वर्षं कानाशी होता आणि मला ओळखू आला न्हाई. आणि तुझा नंबर माझ्याकडं होता, महामाया. मंगळवारपासून आजपर्यंत रोज होता.

पुसलं काही न्हाई. हे पत्र तुला जाळायला सुरू केलं होतं, आता जबानी म्हणून तुझ्यापाशी ठेवतो, म्हणजे उद्या मी काही वेगळं सांगायला लागलो तर तू हे दाखवशील. राजशेखरचे वडील उदगीरहून निघालेत, मेसवरची पोरं म्हणत होती. आधी दवाखान्यात जाऊन त्यांच्यापुढं उभा राहतो. त्यांनी हात उगारला तर माझे हात खालीच राहतील. मग पोलीस ठाण्यात. माझा राग गेला न्हाई, त्याला आता खरा माणूस सापडलाय. सोडवायला येऊ नको. राजशेखरला भेट. आणि हिरोला तुझाच आवाज ठेव, तो माझ्यापेक्षा चांगला बोलतोय. पट्टीचं नाव तेवढं बदल. गेल्या वेळी मी हे दार आपटून गेलो तेव्हा चाचांना बिजागरी बदलावी लागली. ह्या दाराला ओढलं की कुलूप बसतं. माझी किल्ली माइकखाली ठेवलीय, म्हणजे मला परत उघडता येणार न्हाई. उठलो. बाहेर जातोय, आणि दार लावून घेतोय.

तुझाच,
विन्या