उजव्या हाताची जाहिरात

प्रिय धाकटे,

तुझे फोन आले, मी उचलले नाहीत. फोनवर तू रडतेस आणि माझं बोलणं राहून जातं. त्यापेक्षा पत्र बरं, यात मध्येच कुणी हुंदका देत नाही.

आई जाऊन वर्ष होतंय तोच तिच्या आजारपणावर तू पुस्तक काढलंस, ‘आईच्या उशाशी’. स्वतः छापायचं, स्वतः विकायचं, धाडसच म्हणायचं. मग म्हणालीस, ताई, मोबाइलवर फिरवायला मिनिटभराची जाहिरात करायची आहे, तूच बोल, घरातल्या माणसाचं लोकांना पटतं. मी म्हटलं, मी मॅट्रिक झालेली बाई, मला काय बोलता येणार? तर म्हणालीस, बोलायचं काहीच नाही, पुस्तकात मी खूण केलेलं वाक्य तेवढं वाचायचं.

तुझा कॅमेरावाला आला. आईच्याच खोलीत, तिच्याच खाटेवर मला बसवलं. आवाज येतो म्हणून पंखा बंद केला, तेवढीच वीज वाचली. औषधांचं टेबल चित्रात वाईट दिसतं म्हणून तू ते बाहेर काढलंस आणि तिथं फुलदाणी ठेवलीस. आई अंथरुणाला खिळल्यापासून ते टेबल मी बोटभरही हलू दिलं नव्हतं, अंधारातही हात बरोबर पडावा म्हणून. तुला कुठून माहीत असणार? तू यायचीस सुट्टीत. बॅग दारातच. आई झोपलेली असली की शेजारी बसून फोटो काढायचीस आणि मला म्हणायचीस, किती गं करतेस तू!

पुस्तकात मी एकदाच आले आहे. ‘घरात मदतीला बहीण होती.’ मदतीला! शाब्बास गं बाई. ते वाचलं त्या दिवशी जपाला बसले तर ओठांवर देवाचं नाव येईना, तुझंच येत राहिलं.

तर ते वाक्य. ‘शेवटच्या दिवसापर्यंत आई उजव्या हातानं माझं बोट घट्ट धरून ठेवायची.’ कॅमेरावाला म्हणाला, काकू, जरा भावना घाला. घातल्या. पुन्हा वाचलं तेव्हा ‘उजव्या’वर किंचित जोर दिला. तुझे डोळे भरून आले. तेच तुला आवडलं आणि तेच तू सगळीकडे पाठवलंस, नातेवाइकांच्या ग्रुपवरसुद्धा.

पहिली मावशीच बोलली. उजवा? अगं, झटका आल्यापासून तिची उजवी बाजू लुळीच होती ना? मग मामा. मग त्यांचं ऐकून पुस्तक विकत घेतलेली परकी माणसं. आईचं अर्धं अंग गेलंय हे तुला माहीत होतं. कुठलं, ते बघायला पांघरूण उचलावं लागतं.

आता तुझा निरोप येतो की ताई, तुला कळत होतं तर आधी का नाही सांगितलंस, निदान आता तरी सगळ्यांना सांग, छपाईची चूक आहे म्हणून. नाही सांगणार. देवापुढे जाब द्यावा लागला तर देईन. आधी का नाही सांगितलं, तेवढं कळवायलाच हे पत्र लिहिते आहे. सांगितलं असतं तर तू उजव्याचा डावा केला असतास आणि मोकळी झाली असतीस. त्या डाव्या हातानं आई माझं बोट धरायची.

तुझीच,
ताई