दारं उघडी ठेवून ऑपेरा

३ मार्च
नवी टूम निघाली आहे. आमच्या ऑपेराचा एक ‘रिलॅक्स्ड’ शो करायचा. ज्यांना एका जागी गप्प बसवत नाही, अंधार सोसत नाही, आवाजाचा त्रास होतो, अशा माणसांसाठी. दिवे अर्धे चालू, दारं सताड उघडी. कुणीही उठावं, बाहेर जावं, परत यावं, मोठ्यानं बोलावं. त्यासाठी खास एक ट्रेनिंगवाल्या बाई नेमल्या आहेत. दिग्दर्शक त्यांच्यापुढे नुसता माना डोलावत होता. मी शांत राहिलो. मीटिंगमध्ये तीनदा उठलो ते तहान लागली म्हणून.

५ मार्च
पहिल्या अंकाच्या शेवटी राजाचं रागाचं गाणं आहे. राजा म्हणजे मी. बाई म्हणाल्या, ते निम्म्या आवाजात गा. तेवीस वर्षं खर्जात गातोय! मागच्या रांगेच्या खुर्च्या थरथरतात म्हणून लोक येतात. हो म्हणालो. हो म्हणजे, बघतो.

६ मार्च, सकाळी
धाकट्या बहिणीला फोन केला. म्हटलं, बबडीला घेऊन ये. बबडी तिची मुलगी, एकोणीस वर्षांची, बोलत नाही.  बहीण म्हणाली, दादा, मागच्या वेळचं विसरलास?
काय विसरायचं? आठ वर्षांपूर्वी बबडी माझ्या गाण्यात किंचाळली. मी गाणं थांबवून नुसतं बघितलं. नुसतं. त्याबरोबर सगळ्या थिएटरनं माना वळवल्या, त्याला मी काय करणार? तेव्हापासून बहिणीनं थिएटरची पायरी चढलेली नाही.
शेवटी येते म्हणाली. बबडीसाठी पहिल्या रांगेतली जागा ठेवली. बाई म्हणत होत्या, दाराजवळची द्या. भाची माझी की यांची?

९ मार्च
संकल्प: बाईंच्या एकाही सूचनेवर तोंड वाकडं करायचं नाही.
दुपारी: शोआधी प्रत्येकानं दाढीमिशा न लावता प्रेक्षकांपुढे जायचं आणि सांगायचं, मी साधा माणूस आहे, थोड्या वेळानं ओरडणार आहे. ओरडणार? राजा गर्जतो! संकल्प उद्यापासून.

१२ मार्च
प्रेक्षकांच्या घरी चित्रपुस्तिका पाठवली आहे. कोण कधी येतं, मोठा आवाज कुठे होतो, सगळं फोटोंसकट. माझ्या फोटोखाली छापलंय, ‘हे काका रागावतात. खोटं खोटं.’ काका!
बहीण सांगत होती, बबडी रोज पुस्तिका घेऊन बसते. माझं पान बघते का, विचारलं. म्हणाली, तुझं पान तिनं चिकटपट्टी लावून बंद केलंय.
जपून ठेवायची एकेकाची पद्धत असते.

१५ मार्च
घरात येरझाऱ्या. ही म्हणाली, अहो, थिएटरात गोंगाट सोसेना झाला की बसायला ती शांत खोली करताय ना, तिच्यात आधी तुम्हीच बसा.  फिरायला गेलो. परत येऊन पुन्हा गेलो.
निर्णय झाला. पूर्ण आवाजात गाणार. निम्मा आवाज म्हणजे निम्मा राजा. खर्ज एकदा अंगातून गेला की बबडी आपोआप निवळेल. बहिणीच्या डोळ्यांत पाणी येईल. मीही मोठ्या मनानं मागचं विसरेन.

१९ मार्च, सकाळी १०.४०
मेकअप रूम. शो अकराला. बाकीचे सगळे प्रेक्षकांपुढे जाऊन ओळख करून देतायत. मी गेलो नाही, दाढी आधीच चिकटवून बसलो होतो. आता निघणार कशी? (निघते. ओढून पाहिली.)

दुपारी १२.०५, मध्यंतर
पूर्ण आवाजात गायलो. पहिल्याच ओळीला तिसऱ्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, ‘अरे हळू!’ दिवे चालू असले की समोरचे चेहरे दिसतात. हे कुणी बोललं नव्हतं. बबडीनं कानांवर हात ठेवले. मग डोकं गुडघ्यांत घातलं. मग उठली. पहिल्या रांगेतून दारापर्यंत जायला तिला अख्खं थिएटर ओलांडावं लागलं. मागे बहीण. मी मनात म्हटलं, भावना अनावर झाल्या.
मध्यंतर झाल्या झाल्या भेटायला शांत खोलीत गेलो. मुकुटासकट. मला बघून ती भिंतीला पाठ लावून बसली आणि थरथरायला लागली. बहीण म्हणाली, दादा, बाहेर जा. चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.
मुकुट काढून ठेवलाय. जड होतो, म्हणून.

२० मार्च
कालचा दुसरा अंक. यात राजा एकटा पडतो. दाढी उपटून काढली, पुढे गेलो आणि सांगितलं, मघाशी मी फार ओरडलो, आता नाही ओरडणार.  नंतर आवाज मुद्दाम कमी करावाच लागला नाही, निघालाच तेवढा. आजोबा म्हणाले, ‘आता कसं!’ एक ताई उभ्या राहून डुलत होत्या. आणि बबडी उघड्या दारात आली. आत नाही, बाहेर नाही. शेवटपर्यंत तिथेच उभी.
माझं गाणं ऐकत!
नंतर बाईंनी हात हातात घेतला. मी म्हटलं, कमी आवाजाची कल्पना तशी माझ्याही मनात घोळत होतीच.

२३ मार्च, सकाळी
बहिणीचा फोन. बबडी चार दिवस एकच चाल गुणगुणतेय म्हणाली. दुसऱ्या अंकातली. मी ताडकन उठलो, म्हटलं फोन तिच्याजवळ धर.
ऐकलं. स्वच्छ, सुरात. माझी नव्हती. मी गात असताना मागे फ्लूट वाजत होती, तिची.
बहिणीला म्हटलं, माझंच गाणं आहे. ती हसली. खूप वर्षांनी हसली. म्हणाली, दादा, ती फ्लूट आहे रे, तेवढं मलाही कळतं.
पुढच्या शोला दोघी येणार आहेत. फ्लूटवाला कुठल्या बाजूला बसतो, बहिणीनं विचारलं. डावीकडे, म्हटलं. मग मी रंगमंचावर कुठल्या बाजूनं येतो, तेही तिनं विचारलं. मी खूश होऊन सांगितलं, मीही डावीकडूनच.
ती म्हणाली, तुला उजवीकडून येता येईल का?