पाकोळीतला श्वास

ओसाका

अहो,

तुम्ही काचेची नळी वाकवून केलेली निऑनची पाकोळी आज दुपारी आपल्या बारच्या दारावरून उतरवली. घरमालक म्हणाला, "तोमिएबाई, एलईडी लावा, बिल कमी येईल." मी हो म्हटलं. नाही म्हणायला तुम्ही आहात कुठे?

वळणावर काच चपटी होऊ नये म्हणून तुम्ही नळीत सतत फुंकत असायचात. तो श्वास आतच राहिलाय, अशी माझी समजूत. तुम्ही गेल्यापासून रोज संध्याकाळी पाकोळी उजळली की विचारायचे, "आलात का?" देव्हाऱ्यातल्या तुमच्या फोटोशीही एवढं बोलले नाही.

आज ती छातीशी धरून तुमच्या कारखान्यातल्या हिरायामांना हे सांगितलं, तर ते खाली बघत म्हणाले, "वहिनी, गॅस भरायच्या आधी आतली सगळी हवा आम्ही काढून टाकतो."

जन्मभर एका ताटात जेवलो आणि एवढंसं सांगितलं नाहीत? वेड्यासारखी बोलत राहिले मी!

ते गेल्यावर पाकोळीच्या मानेवरून बोट फिरवलं. वळण कुठेही चपटं नव्हतं. श्वास काढून घेतला तरी काचेचा आकार राहतो.

माझा नाही राहिला हो.

आज दिवा न लावलेली,
तोमिए