दारावरचं नाक

दि. ९ जानेवारी

चि. भिंगरीस आजीचे अ. उ. आ.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू गिळतेस, तेव्हा कागदच बरा. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षराला नावं ठेवू नकोस.

तर शेवटी तू आजोबांच्याच धागा कारखान्यात साहेबीण झालीस. लाकडाचा लगदा विरघळवून धागा काढायचा, काम तेच. फक्त जुन्या विषारी रसायनाऐवजी तू मीठ वापरणार, तेही पाणी न घालता पातळ झालेलं, असं लिहितेस. आमच्याकडे मिठाला पाणी सुटलं की बरणी उन्हात ठेवतात, तुमच्याकडे त्याच्यावर पगारी माणसं ठेवतात. चालू दे.

त्याला वास अजिबात नाही म्हणतेस, तिथे मी अडले. आजोबांच्या कताई खात्याला सडक्या मुळ्याचा वास यायचा. त्यांचा सदरा मी दाराबाहेरच्या खिळ्याला टांगायची, तरी उशीला वास यायचाच. डोळे लालभडक, दिव्याभोवती कडी दिसायची. पुढे हात इतके थरथरायला लागले की बटणं मी लावायची, आणि वर ते माझ्यावरच चिडायचे. त्या खात्यानं माझा माणूस खाल्ला. पण भाजीवालीकडे कधी नासका मुळा नाकाला लागला, की अजून मी दोन पावलं थांबते. वेडेपणा, दुसरं काय.

त्या खात्याची एक रीत होती. आत काम करणाऱ्याचं नाक थोड्या वेळात मरतं, वायू सुटला तरी त्याला पत्ता नसतो. म्हणून पाळी बदलताना बाहेरून येणाऱ्यांतला एकजण दारात उभा राहून वास घ्यायचा. त्यानं मान हलवली तरच बाकीचे आत. त्याला दारावरचं नाक म्हणायचे. आजोबा नऊ वर्षं नाक होते. मी तेव्हा कारखान्याच्या मागच्या अंगणात गाळणीची फडकी धुवायची, आम्ही सातजणी ओळीनं. हे नाक वर करून निघाले की आम्ही विचारायचो, आज स्वारी कुणाच्या चुलीचा माग काढतेय म्हणून. कानापर्यंत लाल व्हायचे ग!

तुमच्या दारावर कोण उभं असतं? वेळेवर जेव. लोभ आहे, तो तुझ्या मिठासारखा पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

*

दि. २ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न.

वि. वि. तुझं अक्षर माझ्यापेक्षा सरळ आहे. दारावर कुणीच नसतं, कारण हुंगायला काही नाहीच. या पातळ मिठाला आम्ही आयनिक द्रव म्हणतो. ते हवेत उडत नाही, सहजी पेटत नाही, आणि धागा निघाल्यावर परत मिळवून पुन्हा वापरता येतं. सगळं महत्त्व त्या परत मिळवण्याला. नाल्यात गेलं तर तेही विषच, मासे मरतात. सहा आठवड्यांची चाचणी आहे. जवळजवळ सगळं परत आलं तर तपासणी समिती मान्यता देईल आणि आजोबांचं ते जुनं खातं कायमचं बंद होईल. मला ते बंद करायचंय, आजी. मी शिकले ती त्यासाठीच.

पण दर आठवड्याला चाळीस लिटर कमी भरतंय. नळ्या पाहिल्या, जोड पाहिले, मापं पुन्हा घेतली. मिस्त्रीकाका म्हणतात, वास नाही म्हणजे गळती नाही, पोरी, उगाच जीव खाऊ नकोस. तीस वर्षं त्यांनी नाकानंच गळती शोधलीय. समिती बावीस तारखेला येणार.  आईला सांगू नकोस.

रागावलीस तरी चालेल, पण माया कमी करू नकोस.

तुझी भिंगरी

*

दि. ७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझ्या आईला सांगितलं नाही. तिला न सांगताच सगळं कळतं. मिस्त्रीला म्हणावं, नाक म्हणजे डोकं नव्हे. जे उडत नाही ते सांडतंय, नाहीतर कुणीतरी नेतंय. मला एवढंच सांग, गाळणीची फडकी कोण धुतं? फडक्यात किती चिकटून राहतं ते साहेबाला माहीत नसतं, धुणारीला असतं. एक फडकं पिळलं की अर्धा तांब्या निघायचं. आमचा मुकादम ते पिपातच पिळायला लावायचा, कारण नाल्यात सोडलं की वासानं अख्खी वस्ती त्याच्या नावानं शंख करत दारात यायची. बिनवासाचं पाणी पिपात कोण जपून ठेवेल?

तेव्हा खुर्चीवरून ऊठ आणि मागच्या अंगणात जा. पाय जपून टाक, तिथे शेवाळ असतं. जे सापडेल ते मला कळव, आणि जीव थाऱ्यावर ठेव.

आजी

*

दि. १४ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न.

वि. वि. सापडलं. दोन मावशी रोज चौदा फडकी नळाखाली धुतात. तो नाला मागच्या तळ्यात जातो. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, अगं बाई, पाकासारखं चिकट, वास नाही, पाण्यात झटकन जातं, त्यात वाईट काय असायचंय? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मी सांगितलं नव्हतं.

मोठे साहेब म्हणतात, आजपासून पिपात पिळा आणि मागच्या पाच आठवड्यांची तूट मापातली चूक म्हणून लिहून टाक. मी नको म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, खरं लिहिलंस तर चाचणी थांबेल, आणि ती थांबेल तितके दिवस जुन्या खात्यातली छत्तीस माणसं तो वायू ओढत राहतील. त्यांच्या डोळ्यांपेक्षा तुझा खरेपणा मोठा का?  याचं उत्तर तूच लिही, लवकर लिही.

तुझी भिंगरी

*

दि. १८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझा साहेब लबाड आहे, पण बोलला ते खोटं नाही. म्हणून उपदेश करत नाही. एक गोष्ट सांगते, ती तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

एका थंडीत आजोबांना सर्दी झाली होती. सकाळी मीच वाफ दिली. नाक असं चोंदलेलं की दिव्याचं रॉकेल कळेना. मी म्हटलं, आज दुसऱ्याला उभा करा. म्हणाले, नाकालाच वास येत नाही म्हटल्यावर लोक हसतील, आणि वायू काय रोज सुटतो? दारात उभे राहिले, मान हलवली. पहिला आत गेला तो त्यांचा दोस्त. गल्लीतून शीळ घालत यायचा म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणत. ह्यांनीच त्याला खांद्यावर बाहेर आणलं. संध्याकाळ काही त्यानं पाहिली नाही.

चौकशीत हे म्हणाले, मला वास आला नव्हता. एक अक्षर खोटं नव्हतं बघ त्यात. तुझ्या साहेबाच्या मापातल्या चुकीतही कदाचित नसेल. त्यानंतर हे कधी दारात उभे राहिले नाहीत. लोकांना वाटलं, दुःखानं.

शिट्टीची बायको आमच्याच ओळीत फडकी धुवायला लागली, माझ्या शेजारी. तुझ्या माणसानं माझ्या माणसाला बाहेर काढलं ग, असं म्हणून ती ह्यांना दुवा द्यायची. मी फडकं पिळत राहायची. अकरा वर्षं.

छत्तीस माणसांचं ओझं खरंच आहे, ते माझ्या बोलण्यानं हलकं होणार नाही. तळ्याकाठीही कुणी राहत असेल. लिही की नको ते मी सांगत नाही. गप्प बसण्याची चव कशी असते, तेवढं सांगितलं.

आजी

*

दि. २५ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न.

वि. वि. सगळं लिहिलं. समितीनं चाचणी तीन महिने थांबवली. तळ्याचं पाणी तपासायला नेलंय. चूक कुणाची, त्या रकान्यात माझं नाव आहे. मोठे साहेब बोलत नाहीत.

जुनं खातं चालूच राहणार, म्हणून पाळी बदलताना मी तिथे जाऊन माणसांना स्वतः सांगितलं. वाटलं होतं निदान कुणी समजून घेईल. एकजण थुंकला. दुसरा म्हणाला, ताई, तुमचं मन हलकं झालं असेल तर वाटेतून बाजूला व्हा, पाळीची वेळ झाली. मी बाजूला झाले. ते आत गेले. उद्या पुन्हा जाईन, त्यांना चांगले मास्क मिळेपर्यंत रोज जाईन.

एक विचारू? शिट्टीकाकांच्या बायकोला अजून माहीत नाही का?

तुझी भिंगरी

*

दि. १६ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझ्या शेवटच्या ओळीवर मी दोन दिवस चिडले होते. नाक वर करून प्रश्न विचारायची खोड आजोबांची. तिसऱ्या दिवशी कागद घेतला. चार फाडले. पाचव्यावर एवढंच उतरलं: त्या दिवशी ह्यांना सर्दी होती, आणि ते मला माहीत होतं. शिट्टीची बायको आता लेकीकडे राहते, पत्ता भाजीवालीनं आणून दिला. पेटीत टाकताना हात थरथरला. मनात ह्यांना म्हटलं, घ्या, तुमचा आजार मलाही लागला.

तिचं उत्तर आज सकाळी आलं. पाकीट जाड आहे. दुपार झाली, अजून समोर पडलंय. तुला चार ओळी लिहून होईस्तोवर त्याला हात लावणार नाही, असं ठरवलं होतं. त्या चार ओळी संपल्या.

फोडते.

तुझी आजी