बिबटिणीला नारळ

नागपूर, ४ मार्च १९७६

ती. यमुताईस अनंताचा सा. न.

जगात अन्याय पुष्कळ, पण नागझिऱ्याच्या जीपमध्ये मला मिळालेली जागा त्यात वरच्या क्रमांकाची मानावी. पुढे तुझी लेक उत्तरा, मागे आमची प्रेमलता आणि मधल्या स्टेपनीवर मी. चार तास. इतिहास नोंद घेणार नाही, म्हणून तुला कळवतो.

पाणवठ्याशी बिबट्याची मादी दिसली, सोबत वर्षभराचं पिल्लू. तिनं चितळ मारलं होतं. पिल्लू आशेनं जवळ आलं की ती गुरकावून हाकलायची. लेकुरवाळीला रिकामी पाठवू नये, म्हणून प्रेमलतानं देवळासाठी घेतलेला नारळ जीपमधूनच तिच्या दिशेनं टाकला. दार तिचं होतं, पाहुणे आम्ही, हा तपशील सौं.ना क्षुल्लक वाटला. नारळ दगडावर फुटला. मादी उठली आणि जीप नि पिल्लू यांच्या मधे येऊन उभी राहिली. वनरक्षक चंद्रभान हळूच म्हणाला, "बाई, ते पोराले पोट भरणं शिकवून राहिली. तिले नारळ काहून देता?"

उत्तरा माझ्याकडे पाहत होती. गोंदियाच्या शाळेत नोकरी लागून तिला पंधरा दिवस झाले, आणि तू अजून हो म्हणाली नाहीस. जनावराला जे कळतं, ते... असं मी लिहिणार नाही.

उत्तरावर तुझा लोभ फार आहे. त्यातला थोडा इकडे वळव.

तुझा,
अनंत

उमरेड, ९ मार्च

चि. अनंतास आशीर्वाद.

तुझी बिबटीण पोचली. तिच्या हाकलण्याचं तू कौतुक केलंस, आणि मधे उभी राहिली ते आपलं एका ओळीत उरकलंस. मी तीच ओळ दोनदा वाचली. शिवाय तिच्या पिल्लाले भाड्याची खोली पाहायची नव्हती, घरमालक कसा आहे ते विचारायचं नव्हतं.

जाऊ दे म्हणतोस, जाऊ दिलं. पण पहिला महिना मी सोबत राहीन. स्टोव्ह, पाटा, दोन गाद्या बांधून झाल्या. रोज शाळेत पोचवून देईन म्हटलं तर पोरगी रडायलेच लागली. मास्तरणीची आई फाटकाशी उभी दिसली तर पोरं हसतील म्हणे. मी काय तिची वैरीण आहे? रविवारची गाडी आहे. शनिवारी तुझ्याकडे मुक्कामाला येतो.

प्रेमलताले आशीर्वाद. नारळ जपून वापर म्हणावं.

यमुताई

नागपूर, २३ मार्च

चि. उत्तरास आशीर्वाद.

रविवारी सकाळी मला ताप भरला, तुझी आई स्टोव्ह खाली ठेवून थांबली आणि तू एकटी गेलीस, हे तुला ठाऊकच आहे. ताप नव्हता, हे आज कळवतो.

अठ्ठेचाळीस साली मला जबलपूरला कारकुनी लागली, तेव्हा आमचे बाबा महिनाभर माझ्या खोलीवर राहणार होते. रोज साहेबाला भेटायचाही बेत होता. निघायच्या दिवशी यमुताईनं पोट धरून अंथरूण धरलं आणि बाबा थांबले. उंबऱ्यातून वळून पाहिलं, तर पांघरुणातून ती मला डोळा मारत होती. ते देणं अठ्ठावीस वर्षं राहून गेलं होतं.

तू गेलीस त्या दुपारी तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ. कपाळ गार होतं. मग तिनं माझ्यावर दुसरं पांघरूण घातलं आणि कडू काढ्याचा पेला काठोकाठ भरला. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.

मामावर लोभ ठेव, ताप नसला तरी.

अनंतमामा