उपाशीपोटीचा आकडा

३ मार्च, मंगळवार

गाडीवरून उतरवलं. बावीस वर्षं बस चालवतोय, साधा ओरखडा नाही. आणि आज तपासणीच्या डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली नि सांगून मोकळे — साखर २८६, तीन महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. गोळ्या घ्या, पथ्य पाळा, घरी रोज दोनदा तपासा, आकडे वहीत लिहून आणा. तोवर पासाच्या खिडकीत बसायचं म्हणे. मी! खिडकीत!

५ मार्च

लेकीने यंत्र आणून दिलं. जेमतेम काडेपेटीएवढं. बोट टोचायचं, थेंब पट्टीवर लावायचा, पाच सेकंदांत आकडा. सकाळी उपाशीपोटी २१४. जेवणानंतर दोन तासांनी ३०२. विशेष काही खाल्लंही नव्हतं. भात तीनदा घेतला, पण तो काय आज पहिल्यांदा घेतला?

१२ मार्च

आहाराचं सांगणारी बाई माझ्या लेकीहून लहान. तिने ताटाचं चित्र काढून दाखवलं — अर्ध्या ताटात भाज्या, पाव भागात भात, उरलेल्यात डाळ नाहीतर अंडं. गोळी चालू आहे, तेव्हा एकही जेवण चुकवायचं नाही, हे दोनदा बजावलं. मग विचारलं, चहात साखर किती? म्हटलं, दोन चमचे. शेजारून ही म्हणाली, चार. बायको आहे की फितूर साक्षीदार!

१४ मार्च

भात मोजून एक वाटी. वाटीसुद्धा हिने घरातली सगळ्यात लहान शोधून काढली.

२९ मार्च

खिडकीत बसून बसून कंबर धरली. माझ्या मार्गावर नवा ड्रायव्हर दिलाय. ब्रेक असा मारतो की उभी माणसं एकमेकांच्या अंगावर. आज मुद्दाम आगाराच्या फाटकाशी उभं राहून पाहिलं. पण त्याची साखर बरोबर आहे ना, मग झालं!

उपाशीपोटी १७२. पंधरा दिवस गवत चरल्यासारखा जेवतोय, तरी १७२.

१४ एप्रिल

एक गोष्ट ध्यानात आलीय. संध्याकाळी जेवलो नाही की सकाळचा आकडा झकास येतो. आज ११८. वहीत ठळक लिहिला.

हिला भूक नाही म्हणून सांगितलं. काल तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा ती माझं ताट तसंच ठेवून समोर बसून राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला साखर कमी करायचीय, की वही सजवायचीय?"

गाडी माझी गेलीय, हिची नाही. स्वतः दोन्ही वेळा पोटभर जेवायचं आणि मला शहाणपण शिकवायचं!

६ मे

दुपारी खिडकीत हात थरथरायला लागले. दरदरून घाम. एका म्हातारीला तिचा पास देऊन पुन्हा तिलाच तिचं नाव विचारलं. यंत्र काढलं — ६१! इतका कमी कधीच आला नव्हता. मोठ्या कौतुकाने लेकीला फोन केला, तर ती रडायच्या बेतात. बाबा, सत्तरच्या खाली जाणं धोक्याचं असतं, आधी काहीतरी गोड तोंडात टाका, गोळी घेऊन उपाशी राहता का?

चढली तरी ओरडा, उतरली तरी ओरडा. माणसाने करायचं तरी काय? बिस्किटं खाल्ली, बरं वाटलं. ते ६१ वहीत लिहिलं नाही. उगाच कशाला फाटे फोडा.

२० मे

उपाशीपोटी १०४. ही दोन दिवस बोलत नाही. न बोलो.

४ जून, गुरुवार

सुटलो! रक्ततपासणीत तीन महिन्यांची सरासरी चांगली आली. डॉक्टरांनी वही चाळली. म्हणाले, इतकी नीटनेटकी वही आजवर कुणी आणली नव्हती. मध्येच साखर एकदम उतरते का, असं विचारलं. नाही म्हटलं. सोमवारपासून गाडी. हेच तीन महिने आधी दिसत नव्हतं का यांना? एका कागदावरून माणसाला उठवून खिडकीत नेऊन बसवलं, त्याची भरपाई कोण करणार?

हिला सांगितलं. बरं झालं म्हणाली, आणि भाजी चिरत राहिली.

८ जून, सोमवार

सकाळी सहाची फेरी. गडबडीत घास उतरला नाही, गोळी तेवढी घेतली. गाडी भरली. पुढच्या बाकावर एक बाई, मांडीवर तान्हं मूल. आरशात मुलं दोन दिसली. बसल्या जागी बोट टोचलं — ५२. मागून कंडक्टरने घंटा दिली.

इंजिन बंद केलं. खाली उतरलो, भिंतीला धरत आगाराच्या साहेबांपर्यंत गेलो. म्हणालो, "मला गाडी देऊ नका. वही खोटी आहे."