मंगलचे डोळे

१२ फेब्रु.
सूनबाईला, रेखाला, दवाखान्यातून आणलं. झालेली पोरगी तिथंच गेली. अंगावर दूध उतरतंय, प्यायला लेकरू नाही. छातीला लुगड्याची पट्टी बांधून दिली.
सिस्टरनं पोरीला दुपट्यात गुंडाळून रेखाच्या मोबाईलवर एक फोटो काढून दिलाय. माझा लेक संतोष म्हणाला, "पुसून टाक. गेलेल्या लेकराचा फोटो कोणी ठेवतं व्हय?"
रेखानं मोबाईल उशीखाली सरकवला.

१४ फेब्रु.
हळद शिजवणं चालू. संतोष जेवायला आला की तोच विषय. "आई, तूच सांग हिला. दिवसभर तेच बघून राहिली."
मी भाकरी वाढली.
दुपारी वाचनालयातलं मासिक वाचलं. परदेशात म्हणे पूर्वी लेकरू वारलं की त्याला नवे कपडे घालून फोटो काढत, बैठकीत लावत. घरोघरी एखादं जायचंच. पुढं लेकरं जगू लागली, तशी लोकांना त्या फोटोंची भीती वाटायला लागली.
परदेशात कशाला. आमच्या कुरुंद्यात, माझ्याच ट्रंकेत...

१५ फेब्रु.
ट्रंकेतून मंगलचा, माझ्या थोरलीचा, फोटो बाहेर काढला. तीन वर्षांची, तापात गेली. तिचा एकही फोटो नव्हता. मातीला न्यायच्या आधी ह्यांनी वसमतहून फोटोवाला आणला. मी मांडीवर धरली, पदराआडून मानेला हात. फोटोवाल्यानं नंतर बारीक कुंचल्यानं फोटोवर उघडे डोळे काढले. जरा मोठेच झाले.
सासूबाईंनी हार घालू दिला नाही. "लेकराच्या फोटोला हार नसतो."
संतोष नंतरचा. ताई गेली एवढं त्याला माहीत. राखीला फोटोसमोर पाट मांडून बसायचा. राखी फोटोला टेकवून मी बांधायची.

१६ फेब्रु.
संतोष शेतातून आला. मी फोटो त्याच्या पुढं ठेवला.
"मंगलताईचा कशाला काढलास?"
"कशी दिसती?"
"कशी म्हंजे? माझ्याकडं बघून राहिली की. लहानपणापासून तशीच बघती."
"डोळे काढलेले हायेत, बाबा. फोटो काढला तवा ती गेलेली होती."
फोटोत माझ्या पदराखालचा हात कुठं आहे, ते बघत बसला. फोटोला हात लावला नाही. हात हळदीनं पिवळे होते. जेवला नाही.

१७ फेब्रु.
सकाळी संतोषनं रेखापुढं हात केला. "मोबाईल दे."
तिनं माझ्याकडं बघितलं. मग दिला. पहिल्या एस्टीनं वसमतला गेला. काहून, ते बोलला नाही.
रेखा उंबऱ्यात बसून. पट्टी पुन्हा ओली. म्हणाली, "आई, पुसायला वसमतला जावं लागत न्हाई ना?"
"न्हाई."
संध्याकाळची गाडी अजून यायची आहे.